रेडियमचा गुण आणि गांठीची जात

आजचा विषय वैद्यकाचा आहे आणि बोलणारा मनुष्य वैद्य नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें. माझें शिक्षण मॅट्रिकपुढें गेलें नाहीं. तीस-बत्तीस वर्षें शाळेंत इतिहास शिकविला, आणि कोणतीहि गोष्ट समोर आली कीं "ही येथवर आली कशी?" असें विचारण्याची खोड निवृत्तीनंतरहि गेली नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या थोरल्या वहिनींना गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाला. आपल्या घरांतून या रोगाचें नांव हलक्या आवाजांत घेतात, आणि आमचें घरहि त्याला अपवाद नव्हतें. तपासणीचा कागद आला. त्यावर रोग किती पसरला आहे हें दाखविणारा आंकडा होता, आणि त्याखालीं एका ओळींत गांठ कोणत्या जातीची आहे तें लिहिलें होतें. पुतण्यानें कागद माझ्यापुढें धरला व विचारलें, "काका, ही जात चांगली कीं वाईट? किरणांनीं बरी होते कीं नाहीं?" मी गप्प बसलों. पुढें डॉक्टरांनीं त्याचें उत्तर दिलें, तें शेवटीं सांगेन. परंतु हाच प्रश्न माझ्या पुतण्याच्या आधीं शंभर वर्षें मोठमोठ्या लोकांनीं विचारला होता, आणि त्याला निरनिराळ्या काळीं निरनिराळीं उत्तरें मिळालीं होतीं, हें मला मागाहून कळलें. त्या उत्तरांची ही हकीकत.

प्रथम ‘जात’ म्हणजे काय तें पाहूं. गर्भाशयाचें मुख ही दोन अस्तरांची शीव आहे. बाहेरच्या अंगास चपट्या पेशी फरसबंदीप्रमाणें थरावर थर रचून बसलेल्या असतात. आंतल्या अरुंद वाटेला उंच पेशींचें एकेरी अस्तर असतें, व त्या पेशी चिकट द्रव स्रवतात. रोग बहुधा या शिवेवरच उगवतो. चपट्या पेशींच्या वळणावर गेला तर त्याला स्क्वॅमस कार्सिनोमा म्हणतात. ग्रंथींच्या वळणावर गेला तर अॅडिनोकार्सिनोमा. दोहोंचीं लक्षणें एकच, आणि मूळ कारणहि बहुतेक एकच. वरून पाहणाराला भेद कळत नाहीं. गांठीचा तुकडा काढून, त्याचे पातळ काप करून, त्यांना रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावें लागतें. स्क्वॅमस जातच फार मोठ्या संख्येनें आढळते. त्यामुळें दुसऱ्या जातीकडे पुष्कळ दिवस कोणाचें फारसें लक्ष गेलें नाहीं.

रंटगेननें क्ष-किरण शोधून काढले १८९५ सालीं, आणि क्यूरी पतिपत्नींनीं रेडियम १८९८ सालीं. लगेच १९०३ मध्यें न्यूयॉर्कच्या मार्गारेट क्लीव्ह्ज या डॉक्टरीणबाईंनीं गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर रेडियम लावून पाहिल्याचें प्रसिद्ध केलें. तोंवर उपाय होता तो व्हिएन्नाच्या व्हेर्टहाइमनें रूढ केलेल्या मोठ्या शस्त्रक्रियेचा, आणि त्या दिवसांत ती शस्त्रक्रियाच पुष्कळ रोगिणींचा प्राण घेई. गर्भाशय ही पोकळ पिशवी असल्यामुळें रेडियमची नळी थेट रोगाच्या शेजारीं नेऊन ठेवतां येते. ही सोय शरीराच्या फार थोड्या अवयवांत आहे. स्टॉकहोम येथें १९१० सालीं रेडियमहेमेट ही संस्था निघाली. तेथील पद्धत अशी कीं, कांहीं दिवसांच्या अंतरानें दोन-तीन वेळां, दर वेळीं सुमारें एक दिवस रेडियम ठेवावयाचें. पॅरिसमध्यें क्लॉडियस रेगो कमी रेडियम सतत कित्येक दिवस ठेवी. पुढें १९३८ सालीं मँचेस्टरच्या टॉड व मेरेडिथ यांनीं किती किरण कोणत्या बिंदूपर्यंत पोंचतात याचें गणित बसवून दिलें. आतां रेडियम गेलें आणि त्याच्या जागीं इरिडियम व कोबाल्ट आलें. परंतु नळी आंत ठेवण्याची युक्ति तीच.

हा झाला उपचाराचा इतिहास. जातीचा प्रश्न त्यांत शिरला तो एका नियमामुळें. १९०६ सालीं बर्गोनिए आणि त्रिबोंदो या दोन फ्रेंच संशोधकांनीं असें सांगितलें कीं, ज्या पेशी झपाट्यानें दुणावतात व ज्यांना अद्याप प्रौढ रूप आलेलें नाहीं त्यांना किरण लौकर मारतात. ज्या प्रौढ व स्थिर त्या टिकून राहतात. नियम सोपा होता आणि आशा वाटावी असाहि होता. यावरून डॉक्टरांनीं अनुमान काढलें कीं, अगदीं अपक्व, ओबडधोबड पेशींच्या गांठीवर रेडियमचा गुण सर्वांत अधिक यावा. डोळ्यांना तसें दिसतहि होतें. अशा कित्येक गांठी थोड्या आठवड्यांत मेणासारख्या वितळत.

अमेरिकेंत मात्र वेगळाच हिशेब चालला होता. मेयो क्लिनिकच्या ब्रॉडर्सनें १९२० सालीं ओठाच्या कर्करोगाच्या चार इयत्ता पाडल्या. (मास्तरकी केलेल्या माणसाला हाच शब्द सुचतो, त्याचा स्वतःचा शब्द ‘ग्रेड’.) पहिल्या इयत्तेंतील पेशी मूळ पेशींसारख्या सभ्य, चौथींतील ओळखूं न येण्याइतक्या बिघडलेल्या, आणि इयत्ता जसजशी वाढे तसतशी रोगी वांचण्याची आशा कमी होई. १९२३ सालीं बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथील मार्ट्झलॉफनें गर्भाशयमुखाच्या गांठींचे पेशींच्या रूपावरून तीन वर्ग केले, आणि चातीच्या आकाराच्या पेशींचा वर्ग सर्वांत घातक ठरविला.

म्हणजे एकच पेशी दोन न्यायालयांपुढें उभी राहिली. एक म्हणे, ही सर्वांत दुष्ट. दुसरें म्हणे, ही किरणांना सर्वांत लौकर शरण जाते. मग रेडियम घेतलेली बाई शेवटीं वांचते कीं नाहीं? तर्कानें हें ठरण्यासारखें नव्हतें. वर्षें मोजूनच ठरणार होतें.

आणि मोजणें वाटतें तितकें सोपें नसतें. कोणी फार वाढलेले रोग हिशेबांत घेतच नसे, तर कोणी परत न आलेल्या बाईला बरी झालेली धरी. मग एका शहराच्या आंकड्यांची दुसऱ्या शहराच्या आंकड्यांशीं तुलना काय करणार? या गोंधळावर उपाय म्हणून राष्ट्रसंघाच्या कर्करोग समितीनें रोगाच्या प्रसाराच्या चार पायऱ्या ठरवून दिल्या. त्या १९२९ सालीं प्रसिद्ध झाल्या. १९३७ सालीं स्टॉकहोमच्या जेम्स हेमान याच्या संपादकत्वाखालीं निरनिराळ्या देशांतील केंद्रांच्या आंकड्यांचा पहिला अहवाल निघाला. पांच वर्षांनंतर किती बायका हयात आहेत, या एकाच मापानें सर्वांनीं आपलें काम मोजावें, हा त्याचा दंडक. मीं वर्गांत राष्ट्रसंघाचें अपयश इतकीं वर्षें शिकविलें. मुसोलिनी, मांचुरिया सारें फळ्यावर लिहून दिलें. पण ज्या संघाला युद्ध थांबवितां आलें नाहीं त्यानें हें एक काम असें केलें कीं तें अजून चालू आहे, ही गोष्ट आमच्या कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत नव्हती. आज तें काम स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघाकडे आहे.

या आंकड्यांतून एक गोष्ट इतकी ठळक निघाली कीं तिच्यापुढें बाकीच्या झांकल्या गेल्या. पहिल्या पायरीवरील रोगिणी आणि चौथ्या पायरीवरील रोगिणी यांच्या जगण्यांत जमीनअस्मानाचें अंतर होतें. त्या मानानें जातीचा फरक लहान, आणि अॅडिनोकार्सिनोमाच्या रोगिणी तर हातावर मोजण्याइतक्या. म्हणून रेडियमपुढें दोन्ही जाती सारख्याच, असें मत शतकाच्या मध्यापर्यंत पुष्कळ ठिकाणीं रूढ झालें. या मतास पुरावा नव्हता असें नाहीं. तशा अर्थाचे अनेक निबंध त्या वेळीं प्रसिद्ध झालेले होते.

आतां मी ज्या बाईची गोष्ट सांगणार आहें तिचें नांव आपणांपैकीं कित्येकांनीं ऐकलें असेल. हेन्रिएटा लॅक्स. जन्म १९२० चा, व्हर्जिनियांतला. तंबाखूच्या शेतांत राबत वाढलेली, कृष्णवर्णी, पांच मुलांची आई. १९५१ च्या आरंभीं ती जॉन्स हॉपकिन्समध्यें आली. ज्या संस्थेंत मार्ट्झलॉफनें पेशींचे वर्ग पाडले होते तीच ही संस्था. तिच्या गांठीच्या तुकड्याचा निर्णय लिहिला गेला: स्क्वॅमस जात, पायरी पहिली. त्या काळच्या हिशेबानें ही आशेची रोगीण. रेडियमच्या नळ्या लावल्या, मागाहून क्ष-किरण दिले. जेथें गांठ होती तेथें गुणहि आला. डॉक्टरांच्या तपासणींत गर्भाशयमुख निर्मळ दिसूं लागलें. बाई मात्र पोटांत दुखतें म्हणून पुन्हा पुन्हा येत राहिली. पुढें पोटांत नव्या गांठी हातास लागल्या, आणि ४ ऑक्टोबर १९५१ रोजीं, एकतिसाव्या वर्षीं, ती वारली. उपचार सुरू झाल्याला पुरे नऊ महिनेहि झाले नव्हते.

तिच्या गांठीच्या पेशी, तिला न विचारतां, प्रयोगशाळेंत नेल्या गेल्या व तेथें त्या कांचेच्या नळींत वाढतच राहिल्या. त्या ‘हेला’ पेशींची कथा सर्वश्रुत आहे, ती मी येथें सांगत नाहीं. आपल्या विषयाला लागणारा भाग वीस वर्षांनंतरचा. १९७१ सालीं, तिला प्रथम तपासणारे डॉक्टर हॉवर्ड जोन्स आणि त्यांचे सहकारी यांनीं तिच्या गांठीचे जुने काप पुन्हा पाहून झालेला निष्कर्ष प्रसिद्ध केला. ती गांठ स्क्वॅमस नव्हतीच. ती अॅडिनोकार्सिनोमा होती.

नांव बरोबर लिहिलें असतें तर ती वांचली असती काय? जोन्स यांचें म्हणणें असें कीं उपचार तोच झाला असता, कारण त्या वेळच्या ज्ञानाप्रमाणें दोन्ही जातींना रेडियमच द्यावयाचें. हें म्हणणें मला प्रामाणिक वाटतें. पण त्यांतच सारी गोम आहे. कागदावरचा शब्द चुकला तरी चालेल अशी परिस्थिति होती, कारण शब्द बरोबर असता तरी त्याचा उपयोग कोणास ठाऊक नव्हता. एका बाईच्या मृत्यूवरून जातीबद्दल सिद्धान्त काढूं नये हें मला कळतें. स्क्वॅमस जातीच्याहि पहिल्या पायरीवरील कित्येक बायका दगावतात. तथापि गांठीच्या जागीं रेडियमचा पुरा गुण दिसावा आणि मनुष्य हातचें जावें, हें कोडें त्या एका प्रसंगांत जितकें उघडें पडतें तितकें आंकड्यांच्या कोष्टकांत पडत नाहीं.

तें कोडें सोडविण्याचा एक वेगळा प्रयत्न इंग्लंडांत केंब्रिज येथें चालला होता. ग्लुक्समान नांवाचा संशोधक किरणोपचारापूर्वीं एक आणि उपचार चालू असतां मधून मधून, असे गांठीचे लहान तुकडे घेई. त्यांत दुणावणाऱ्या पेशी किती, पक्व होऊं लागलेल्या किती, मरणाऱ्या किती, हें एकेक करून मोजी. म्हणजे त्यानें जातीबरोबर वागणूकहि पाहिली. १९५६ सालीं त्यानें व चेरी यांनीं दाखवून दिलें कीं, ज्या गांठींत दोन्ही वळणांच्या पेशी मिसळलेल्या असतात त्यांवर किरणांचा गुण वाईट येतो. अशा मिश्र गांठी पूर्वीं सरसकट स्क्वॅमसमध्यें मोजल्या जात. स्क्वॅमस या एका नांवाखालीं अनेक बिऱ्हाडें राहत होतीं, असें म्हणा ना.

खुद्द स्क्वॅमसच्या घरांतील वांटणी केली क्लीव्हलंडच्या जेम्स रेगन यानें. १९५७ सालीं त्यानें तीन प्रकार सांगितले. पहिल्यांत पेशी मोठ्या असून केराटिन तयार करतात. आपलीं नखें व केस ज्या द्रव्याचे, तेंच हें. दुसऱ्यांत पेशी मोठ्या, पण केराटिन नाहीं. तिसऱ्यांत पेशी लहान व अपक्व. १९५९ सालीं वेंट्झ व रेगन यांनीं किरणोपचार झालेल्या बायकांचीं पांच वर्षें मोजलीं. जुन्या फ्रेंच नियमाप्रमाणें तिसरा, सर्वांत अपक्व प्रकार वर यावयास हवा होता. तो सर्वांत खालीं आला. मग ब्रॉडर्सच्या इयत्तांप्रमाणें केराटिनवाला, सर्वांत सभ्य प्रकार वर यावा. तोहि मध्येंच राहिला. सर्वांत अधिक बायका वांचल्या त्या मधल्या प्रकारच्या. दोन्ही न्यायालयांचा निकाल अशा रीतीनें फिरला. गांठ लौकर वितळणें आणि बाई वांचणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जी लौकर वितळते ती कधीं कधीं तोंवर दूर जाऊन बसलेलीहि असते.

हा निबंध गाजला. पण पुढें इतर शहरांतील लोकांनीं तीच मोजणी करून पाहिली तेव्हां कोणास तो भेद सांपडला, कोणास सांपडला नाहीं. गांठीचा आकार व पायरी सारखी धरून तुलना केली कीं केराटिनचा फरक बहुधा पुसट होई. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणांत त्या वांटणीस फारसें महत्त्व राहिलेलें नाहीं. लहान पेशींच्या वर्गाची तर फाळणीच झाली. त्यांतील कित्येक गांठी मुळीं स्क्वॅमस नव्हत्याच, मज्जासंस्थेशीं नातें सांगणाऱ्या एका निराळ्या व फार घातक जातीच्या होत्या, असें ठरलें. म्हणजे रेगनला दिसलेला सर्वांत वाईट गट खरा होता, पण त्याचें नांव अर्धें चुकलेलें होतें.

अॅडिनोकार्सिनोमाचा प्रश्न मात्र पुसट झाला नाहीं. इटलींत १९८६ ते १९९१ या काळांत रोग लहान असलेल्या ३४३ बायकांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें वांटणी करून, एका गटास शस्त्रक्रिया व दुसऱ्यास किरण देण्यांत आले. लांदोनी व सहकाऱ्यांनीं १९९७ सालीं निकाल प्रसिद्ध केला: दोन्ही गटांत पांच वर्षांनंतर शंभरांतून ८३ हयात. येथेंच थांबलें असते तर दोन्ही उपाय सारखे म्हणून सर्वजण घरीं गेले असते. परंतु त्यांनीं अॅडिनोकार्सिनोमाच्या ४६ बायका वेगळ्या काढून पाहिल्या. त्यांत शस्त्रक्रियेनंतर शंभरीं ७०, किरणांनंतर शंभरीं ५९. सेहेचाळीस ही संख्या लहान आहे, तिच्यावर मोठी इमारत बांधूं नये. पण अंगुलिनिर्देश स्पष्ट होता. कारणेंहि मागाहून जुळविलीं गेलीं. ही जात आंतल्या मार्गांत उगवते म्हणून उशिरां दिसते. मुख पिंपासारखें फुगेपर्यंत ती आंत दडून राहते. आणि अशा जाड गांठीच्या गाभ्यांत रक्त पोंचत नाहीं. ज्या पेशींना प्राणवायु कमी मिळतो त्या किरणांना दाद देत नाहींत, हें इंग्लंडांतील ग्रे यानें १९५३ सालींच दाखविलें होतें. शिवाय ही जात लसिकाग्रंथींत आणि पोटाच्या पोकळींत लौकर शिरते. लॅक्सबाईंच्या पोटांतील गांठी येथें पुन्हा आठवतात.

१९९९ सालीं उपचारच बदलला. किरणांच्या जोडीला सिसप्लॅटिन हें औषध शिरेंतून दिलें असतां बायका अधिक वांचतात, असें पांच चांचण्यांनीं दाखविलें. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानें हें आपल्याकडच्या बायकांत, वाढलेल्या तिसऱ्या पायरीच्या रोगांत खरें ठरतें काय, हें २००३ ते २०११ या काळांत ८५० रोगिणींवर पाहिलें. निकाल २०१८ सालीं आला. केवळ किरणांनीं पांच वर्षांनंतर शंभरांतून ४६ हयात, औषधाची जोड दिल्यावर ५४. त्या ८५० जणींपैकीं प्रत्येकीची गांठ स्क्वॅमस होती. जात मुद्दाम एकच ठेवली होती. १९५१ सालीं ज्या शब्दाच्या चुकीनें कांहीं बिघडत नव्हतें, त्याच शब्दावर आतां चांचणींत प्रवेश ठरत होता. अॅडिनोकार्सिनोमाबद्दल अमेरिकेंतील एका संशोधक-गटानें आपल्या जुन्या चांचण्या एकत्र करून २०१४ सालीं सांगितलें कीं, केवळ किरण दिलेल्या बायकांत ही जात मागें पडलेली दिसते, पण सिसप्लॅटिनची जोड मिळालेल्या बायकांत दोन्ही जातींचें जगणें जवळजवळ सारखें येतें. जात तीच राहिली. तिचा अर्थ उपचाराबरोबर बदलला.

आणखी एक वळण सांगतों. जर्मनीचे हाराल्ट त्सुर हाउझेन यांनीं १९८३ व १९८४ सालीं या रोगाच्या मुळाशीं पॅपिलोमा विषाणूचे १६ व १८ हे प्रकार असल्याचें दाखविलें. २००८ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. हेला पेशींतहि अठरावा प्रकार सांपडला. २०२० च्या नव्या वर्गीकरणानें दोन्ही जातींची पहिली विभागणी आतां विषाणुजन्य आणि विषाणुरहित अशी केली आहे. विषाणुरहित अॅडिनोकार्सिनोमांत एक जठराच्या अस्तराच्या वळणाची गांठ आहे. ती किरणांना व औषधांना फार थोडी दाद देते. तिला पूर्वीं इतर अॅडिनोकार्सिनोमांबरोबर एकाच खणांत ठेवीत.

आतां वहिनींचा कागद. त्यावरची ओळ स्क्वॅमसची होती, केराटिनवाली. डॉक्टरांनीं पुतण्याला सांगितलें तें असें: "जात नेहमींची आहे, ती मीं वाचली आहे. पण मला आधीं तीन गोष्टी पाहावयाच्या आहेत. रोग कोठवर गेला आहे, यांच्या अंगांत रक्त किती आहे, आणि उपचार आठ आठवड्यांच्या आंत पुरा होतो कीं नाहीं." पुतण्याला हें उत्तर टाळाटाळीचें वाटलें. मलाहि त्या वेळीं वाटलें. मध्यंतरीं यंत्र चार दिवस बंद पडलें तेव्हां त्या उत्तराचा अर्थ कळला. दिवस मोजीत आम्ही ओट्यावर बसलों, आणि चुकलेले दिवस भरून काढण्यासाठीं डॉक्टरांनीं कांहीं दिवस सकाळ-संध्याकाळ दोन वेळां किरण दिले. शेवटची नळी काढली तो त्रेपन्नावा दिवस होता.

पांच वर्षें गेल्या चैत्रांत पुरीं झालीं. मीं एकदां तो कागद या व्याख्यानासाठीं मागितला. वहिनींनीं ट्रंकेंतून काढून दिला, आणि म्हणाल्या, "भाऊजी, वाचून झाला कीं परत आणा हो. पुढच्या तपासणीला डॉक्टर मागतात."